नाताळ, नातारा आणि कुरिसुमासु

आपण मराठी माणसं ख्रिसमसला ‘नाताळ’ म्हणतो. शाळेत असताना ‘नाताळची सुट्टी’ एवढाच त्या शब्दाशी आपला संबंध. हा शब्द आला कुठून, असा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. पोर्तुगीज भाषेत ख्रिस्तजन्माच्या सणाला ‘नाताल’ म्हणतात. गोवा, वसई, चौल या बाजूंनी तो शब्द किनाऱ्यावर उतरला आणि मराठीत मुरला. गंमत अशी की, हाच शब्द त्याच शतकात, त्याच लोकांच्या तोंडून, आणखी एका देशात जाऊन पोचला. त्या देशाच्या भाषेत ‘ल’चा उच्चार नाही, म्हणून तिथे त्याचं ‘नातारा’ झालं. तो देश म्हणजे जपान.

आज मात्र जपानी माणसाला ‘नातारा’ म्हटलं तर कळणार नाही. तो म्हणतो ‘कुरिसुमासु’, म्हणजे इंग्रजी ‘ख्रिसमस’ जपानी जिभेवर बसवलेला. एकाच सणाला हे दोन शब्द, कारण हा सण जपानात दोनदा आला. पहिल्यांदा आला तेव्हा श्रद्धा होती, पण पुढे सण उघडपणे करायची सोय राहिली नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा सण जोरात झाला, श्रद्धा मात्र बहुतेकांनी घेतली नाही. आपल्यासारख्या, सण पेटीत भरून सातासमुद्रापार आलेल्या लोकांनी ही दोन्ही आगमनं जरा बारकाईने बघण्यासारखी आहेत.

गोव्याहून जपानला

गोव्याच्या बासिलिकेत ज्यांचं शव ठेवलेलं आहे ते फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाले आणि मलाक्कामार्गे, शेवटचा टप्पा एका चिनी गलबतातून पार करून, १५ ऑगस्टला दक्षिण जपानातल्या कागोशिमाला उतरले. बरोबर अंजिरो नावाचा जपानी गृहस्थ होता. हातून मनुष्यवध झाल्यामुळे तो देश सोडून पळाला होता. मलाक्काला त्याची झेवियरशी गाठ पडली, मग गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात त्याचं शिक्षण झालं आणि १५४८ साली गोव्यातच त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे जपानच्या पहिल्या ख्रिस्ती प्रचारकांपैकी एक जण गोव्यात तयार झाला होता.

ही मंडळी गोव्याहून, म्हणजे हिंदुस्थानातून आली, याचा जपान्यांनी जो अर्थ लावला तो मोठा मजेशीर आहे. हिंदुस्थानाला जुन्या जपानी भाषेत ‘तेन्जिकु’ म्हणत. तेन्जिकु म्हणजे बुद्धाची भूमी. तिथून आलेले हे साधू बुद्धधर्माचाच एखादा नवा पंथ घेऊन आले असणार, अशी अनेकांची समजूत झाली. त्यात अंजिरोच्या सल्ल्यावरून झेवियरनी सुरुवातीला देवासाठी ‘दाइनिची’ हा शब्द वापरला. दाइनिची म्हणजे महावैरोचन बुद्ध! चूक लक्षात आल्यावर त्यांनी तो शब्द टाकला आणि ‘देउस’ हा मूळ लॅटिन शब्दच ठेवला. तरीही १५५२ साली यामागुचीचा सरदार ओउची योशिनागा याने पाद्र्यांना जागेची सनद दिली, तीत कारण म्हणून बुद्धधर्माच्या प्रसारासाठी असंच लिहिलेलं आहे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात, त्याच यामागुचीत, जपानातला पहिला नोंदलेला नाताळ झाला. तोवर झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर मरण पावले होते. कोस्मे द तोरेस या पाद्र्याच्या देखरेखीखाली तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी रात्र जागवली, ख्रिस्तचरित्र ऐकलं, प्रार्थना केल्या. आपल्याकडे गोकुळाष्टमीला जागरण, कीर्तन आणि मध्यरात्री जन्म असा जो क्रम असतो, त्यापेक्षा हे फार निराळं वाटत नाही. आज यामागुची शहर ‘जपानी ख्रिसमसचं जन्मस्थान’ म्हणून स्वतःची जाहिरात करतं.

पुढच्या काही दशकांत हा धर्म चांगलाच फोफावला. लुईस फ्रॉइश या पोर्तुगीज पाद्र्याने लिहून ठेवलंय की १५६६ साली साकाई शहराजवळ दोन सैन्यं समोरासमोर उभी असताना दोन्ही बाजूंच्या सत्तरेक ख्रिस्ती सामुरायांनी मिळून नाताळ साजरा केला.

शब्दही रुजले. ‘पाद्रे’चं आपल्याकडे ‘पाद्री’ झालं, जपानात ‘बातेरेन’. ‘क्रुझ’चा आपल्याकडे ‘क्रूस’, तिकडे ‘कुरुसु’. पावाला आपण ‘पाव’ म्हणतो, ते ‘पान’ म्हणतात. दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची पोरं. आपला ‘साबण’ आणि त्यांचा ‘शाबोन’ यांचं नातं तर सांगायलाच नको.

वसईचा गोन्सालो

या कथेत एक माणूस आपल्या अगदी घरचा आहे. गोन्सालो गार्सिया याचा जन्म वसईचा, वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक. वसईच्या जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली तो शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि जपानी भाषा उत्तम बोलू लागला. पुढे त्याने काही वर्षं व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात शिरला आणि १५९३ साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानात आला. जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याशी बोलणी करायला भाषा येणारा माणूस हवा होता. ते काम वसईच्या या माणसाने केलं.

पण वारं फिरलेलं होतं. हिदेयोशीने १५८७ सालीच पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता. पाद्र्यांच्या मागोमाग तोफा येतात, ही भीती त्याच्या मनात होती, आणि आजूबाजूच्या देशांचे हाल पाहता ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवून मारण्यात आलं. त्यांत जपानी होते, स्पॅनिश होते आणि वसईचा गोन्सालोही होता. १८६२ साली रोमने त्या सर्वांना संतपद दिलं. वसईत आज त्याच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी लोकलच्या खिडकीतून वसई पाहिली असेल, पण हे नाव किती जणांच्या कानावर आलं असेल?

अडीचशे वर्षांचा गुप्त नाताळ

१६१४ साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. १६३७-३८ च्या शिमाबाराच्या बंडानंतर तर छळाला धरबंद राहिला नाही. संशयितांना येशू-मारियेच्या चित्रावर पाय द्यायला लावत. पाय अडखळला की माणूस संपला. प्रत्येक कुटुंबाची नोंद कुठल्यातरी बौद्ध मंदिरात असणं सक्तीचं झालं. शेवटचे पाद्रीही मारले गेले किंवा हाकलले गेले.

तरीसुद्धा नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत आणि बेटांवर काही कुटुंबांनी धर्म सोडला नाही. वरवर ते बौद्ध होते. मारियेच्या जागी कान्नोन या बोधिसत्त्वाची मांडीवर मूल घेतलेली मूर्ती. पाद्री नाही, चर्च नाही, छापील पुस्तक नाही. गावातला एक जाणता माणूस चांद्र कालगणनेवरून हिशोब करून सणांचे दिवस काढायचा आणि गुपचूप घरोघर कळवायचा. सॉफ्टवेअरमध्ये आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्याला या पंचांगवाल्याविषयी विशेष आदर वाटतो. मूळ प्रत हरवलेली, विचारायला कुणी नाही, आणि तरी वर्षानुवर्षं हिशोब चालू.

अशा हिशोबाने थंडीच्या महिन्यात नातारा यायचा. नैवेद्य भात, साके आणि मासे यांचा. कथा तीच, पण हळूहळू जपानी होत गेलेली: कडाक्याच्या थंडीत जन्मलेल्या बाळाला गोठ्यातल्या गाईघोड्यांनी आपल्या श्वासाने ऊब दिली. प्रार्थनांना ते ‘ओराशो’ म्हणत. हा लॅटिन ‘ओरात्सिओ’ शब्द. पाठांतराने त्या बापाकडून मुलाकडे गेल्या. लॅटिन कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे शब्दांची पार मोडतोड झाली. ‘ओ ग्लोरिओझा’ने सुरू होणाऱ्या एका स्तोत्राचं ‘गुरुरियोझा’ झालं. अर्थ गेला, चाल राहिली.

इथे वाचकांनी क्षणभर आपल्या मंडळाचा गणेशोत्सव डोळ्यांपुढे आणावा. इथे जन्मलेली आपली मुलं रोमन लिपीतल्या पुस्तिकेतून आरती म्हणतात. ‘संकटी पावावे’चं काय काय होतं ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे आणि त्यावर हसलोही आहोत. खरं सांगायचं तर मंत्रपुष्पांजलीचा अर्थ सांगा म्हटलं तर आपणही खाली बघू. अर्थ न कळता म्हटलेल्या शब्दांना काही मोल असतं का, हा प्रश्न आपल्या सभांमधून दर दोन वर्षांनी निघतो. नागासाकीच्या शेतकऱ्यांनी त्याला एक उत्तर देऊन ठेवलेलं आहे.

जपानची दारं उघडल्यावर नागासाकीत परदेशी व्यापाऱ्यांसाठी ओउरा चर्च बांधलं गेलं. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही शेतकरी तिथे आले आणि फादर पतिजाँ या फ्रेंच पाद्र्याजवळ हळूच म्हणाले की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. मारियेची मूर्ती कुठे आहे? मूर्ती पाहिल्यावर त्यांनी सांगितलं की प्रभूचा जन्मदिवस आम्ही हिमाच्या महिन्यात, पंचविसाव्या दिवशी पाळतो, आणि सध्या आमचे दुःखाचे दिवस चालू आहेत. पतिजाँ थक्क झाला. तेव्हा उपवासाचा काळ खरोखरच चालू होता! सात-आठ पिढ्या पाद्र्याचं तोंड न पाहता या लोकांचं पंचांग जुळलेलं होतं.

पुढची हकिकत सुखाची नाही. बंदी अजून उठलेली नव्हती. उराकामीच्या सुमारे ३,४०० लोकांना गावातून उचलून देशभर हद्दपार केलं गेलं. त्यांतले कित्येक परत आलेच नाहीत. परदेशांनी दबाव आणल्यावर १८७३ साली बंदीचे फलक उतरले. त्यानंतर अनेक जण रोमच्या चर्चमध्ये परतले, पण सगळे नाही. काही कुटुंबांनी नव्या पाद्र्यांचा ‘शुद्ध’ धर्म नाकारला आणि वाडवडिलांचा मोडकातोडका ओराशोच धरून ठेवला. ज्यासाठी पूर्वजांनी जीव दिला ते हेच, असं त्यांचं म्हणणं. आता अशी घरं थोडीच उरली आहेत. त्यांच्या वस्त्यांना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली.

दुसरं आगमन

आता दुसरा नाताळ, म्हणजे कुरिसुमासु. हा नागासाकीच्या खेड्यांतून वर आला नाही. तो इंग्रजी आणि अमेरिकन वळणाने टोकियो-योकोहामात उतरला. १८७४ साली टोकियोच्या त्सुकिजी भागात हारा तानेआकी या नवख्रिस्ती गृहस्थाने नाताळचा समारंभ केला. त्यात सांताक्लॉज आला तो सामुरायच्या दरबारी पोशाखात, कमरेला दोन तलवारी लावून. १८९८ साली मुलांसाठी एक पुस्तक निघालं, त्यात सांताचं नाव ‘सांता कुरो’ असं अस्सल जपानी माणसाचं वाटावं अशा चिनी अक्षरांत लिहिलेलं. आपल्याकडे एखाद्या लेखकाने त्याला ‘संताजीराव’ केलं असतं, तसंच हे.

त्यानंतर सण दुकानदारांच्या हाती गेला. योकोहामाची मेइदिया ही परदेशी मालाची पेढी १९०० साली गिन्झात आली आणि तिने दुकान नाताळसाठी सजवलं. १९१० साली योकोहामात फुजिया ही मिठाईची पेढी निघाली आणि तिने ख्रिसमस केक विकायला काढला. मग नशिबाने एक विलक्षण योग जुळवून आणला. ताइशो सम्राट वारले ते नेमके २५ डिसेंबर १९२६ रोजी. त्यामुळे १९२७ पासून १९४७ पर्यंत, सम्राटाचा स्मृतिदिन म्हणून, २५ डिसेंबरला देशभर सरकारी सुट्टी होती. सुट्टी सम्राटाची, आदल्या रात्रीची मजा सांताक्लॉजची! युद्धकाळात अर्थातच हे सारं बंद पडलं.

युद्धानंतर अमेरिकन फौजांबरोबर सांता परत आला. पण पन्नासच्या दशकातला गिन्झातला ख्रिसमस म्हणजे हातात वर्षअखेरचा बोनस पडलेल्या, डोक्यावर कागदी टोप्या चढवलेल्या कारकुनांचा रात्रभर चाललेला मद्यपानाचा जल्लोष होता. जपानात वर्ष संपताना ‘बोनेनकाई’, म्हणजे सरलेलं वर्ष विसरण्याची मेजवानी, करायची चाल आहेच. ख्रिसमस तिलाच जाऊन चिकटला. सुबत्ता आली, घरोघरी फ्रिज आले, तसा तो बारमधून घरात शिरला. बाबा २४ तारखेला संध्याकाळी केकचं खोकं घेऊन घरी येतात, हे चित्र तेव्हाचं. पांढरं क्रीम आणि वर लाल स्ट्रॉबेरी. लाल-पांढरा हा जपानात शुभकार्याचा रंग, त्यामुळे केकही परका राहिला नाही.

आणि मग कोंबडी. केंटकी फ्राईड चिकन जपानात आलं १९७० साली. एका परदेशी गिऱ्हाइकाने ‘टर्की मिळत नाही तर निदान चिकन खातो’ असं म्हटल्यावरून कल्पना सुचली, असं सांगतात. ते काही असो, १९७४ साली कंपनीने ‘कुरिसुमासुला केंटकी’ अशी देशभर जाहिरात केली आणि ती रूढी होऊन बसली. जपानी स्वयंपाकघरात आख्खा पक्षी भाजण्याएवढा ओव्हन नसतो, टर्की बाजारात दिसत नाही, तेव्हा तयार तळलेली कोंबडी सोयीची. आज लोक आठवडे आधी मागणी नोंदवतात. दारातला कर्नलचा पुतळा लाल डगला घालून सांता होतो. दाढी त्याला मुळातच आहे.

ऐंशीच्या दशकात पैसा वाहत होता, तेव्हा २४ डिसेंबर ही प्रेमिकांची रात्र झाली. यामाशिता तात्सुरो यांचं १९८३ चं ‘ख्रिसमस ईव्ह’ हे गाणं रेल्वेच्या जाहिरातीत आलं आणि १९८९ साली पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. महागडी हॉटेलं, महागडे दागिने. याच काळातला एक ओंगळ विनोद नोंदवायला हवा. पंचविशी उलटलेल्या अविवाहित मुलीला ‘ख्रिसमस केक’ म्हणत. २५ तारखेनंतर कुणी घेत नाही म्हणून. नोकरीत स्त्रीपुरुष समानतेचा कायदा १९८६ साली लागू झाला, मुली शिकल्या, कमावू लागल्या आणि त्यांनी त्या विनोदाची पर्वा करणं सोडलं. आज जपानी मुलीचं पहिलं लग्न सरासरी २९ च्या पुढे होतं. केक खपतो आहे, विनोद मात्र कालबाह्य झाला.

रिकामी जागा

कामानिमित्त मी दोन हिवाळे योकोहामात काढले. मला सर्वांत नवल वाटलं ते २६ तारखेच्या सकाळचं. आदल्या रात्रीपर्यंत झगमगणारी झाडं, घंटा, रेनडिअर सगळं गायब, आणि त्याजागी दारोदार ‘कादोमात्सु’, म्हणजे बांबू आणि पाइनच्या डहाळ्यांची नववर्षाची सजावट. २५ डिसेंबरला सुट्टीही नसते. खरा सण पुढे असतो. लोक गावी जातात, आईवडिलांना भेटतात, देवळात जातात. ३१ च्या मध्यरात्री बौद्ध मंदिरांतून घंटेचे १०८ टोल पडतात. ही १०८ संख्या आपल्याला नव्याने सांगायला नको.

अमेरिकेत ख्रिसमस घरच्यांबरोबर आणि नववर्ष मित्रमंडळींबरोबर. जपानात बरोबर उलट. घरच्यांसाठीची जागा नववर्षाने आधीच भरलेली होती. मुलांची हौस, तरुणांची भेटीगाठी, डिसेंबरच्या बोनसला एक वाट, या जागा रिकाम्या होत्या. तिथे ख्रिसमस बसला. चालू यंत्रणेला नवा भाग जोडताना आधी रिकामं सॉकेट शोधतात, तसं.

इकडच्या लोकांना जपानी ख्रिसमसची थट्टा करायला आवडते. टोकियोच्या एका मोठ्या दुकानाने क्रुसावर खिळलेला सांता मांडला होता, ही गोष्ट मी निदान चार जणांकडून ऐकली आहे. प्रत्येकाचं साल वेगळं, दुकान वेगळं. दंतकथेची हीच खूण. ‘त्या बिचाऱ्यांना काही कळलंच नाही’ असं म्हणण्यात एक सुख असतं. पण ख्रिस्ती लोक शंभरात एक-दीड असलेल्या देशाने या सणातलं काय घ्यायचं आणि काय नाही, हे अगदी समजून ठरवलेलं दिसतं.

आपल्या घरांतून दर डिसेंबरात वाद होतो: झाड आणायचं की नाही? मुलं हट्ट करतात, आजी फोनवरून नाराजी कळवते. मला वाटतं, झाडाने आपलं काही जात नाही. जपानात दीडशे वर्षं झाडं लागताहेत, नववर्षाची घंटा काही थांबलेली नाही, कारण तिची जागा पक्की आहे. भीती वाटायला हवी ती दुसऱ्याच गोष्टीची. आपली दिवाळी मंगळवारी येते आणि आपण ती पुढच्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये साजरी करतो. हॉल मिळाला नाही तर त्याच्या पुढच्या शनिवारी. त्या मंगळवारी पहाटे घरात मात्र काहीच नसतं. उराकामीच्या शेतकऱ्यांकडे हॉल नव्हता, अर्थ सांगणारा गुरुजी नव्हता, शब्दही धड नव्हते. त्यांच्याकडे घर होतं आणि ठरलेला दिवस होता. तेवढ्यावर अडीचशे वर्षं निभावलं.

तेव्हा हॉलमधला कार्यक्रम जरूर करावा. बटाटेवडे मलाही आवडतात. पण त्या मंगळवारी उजाडायच्या आधी मुलांना उठवून, शाळेची बस चुकली तरी बेहत्तर, तेल-उटणं लावावं. आणि डिसेंबरात झाड आणलंच, तर त्याखाली बसून त्यांना वसईच्या गोन्सालोची गोष्ट सांगावी. नाताळ हा शब्द त्यांना कुठल्याच शाळेत शिकवणार नाहीत.